शिकारी पक्ष्यांचे जवळून फोटो काढायचेत? खुर्चीवालं पॉप-अप हाईड, दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू

कापशीचे (लाल डोळ्यांची छोटी पांढरी-राखाडी घार) फोटो ज्यांना ज्यांना दाखवले त्या प्रत्येकाने पहिलं हेच विचारलं, लेन्स कुठली? लेन्स तीच आहे हो, सोनीची २००-६००, २०१९ साली आलेली, दोन किलोच्या वर वजन आणि ६०० मिमीला गेलं की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, फार तर एफ ६.३. तीन वर्षं तीच वापरतेय. त्यातली पहिली दीड वर्षं घारींचे, खरुचीचे (केस्ट्रल), कापशीचे माझे फोटो दोनच प्रकारचे असायचे, एक आभाळात ठिपका आणि दुसरा पाठमोरा पक्षी उडून जाताना. मग मी हाईड, म्हणजे पक्ष्याला न दिसता आत बसायचा आडोसा, घेतलं आणि फरक पडला. म्हणून आज त्या हाईडबद्दल लिहितेय आणि जरा सविस्तरच लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मला कुणी इतकं सांगितलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

हे म्हणजे एका माणसाचं, आतच फोल्डिंग खुर्ची जोडलेलं हाईड. खुर्चीवर बसायचं, मागची कमान डोक्यावरून पुढे ओढायची की झालं, छोटा तंबू तयार. पुढे एक खिडकी, दोन्ही बाजूंना एकेक, खिडक्यांना जाळी, पुढच्या जाळीला लेन्स बाहेर काढायला बाही, बाहेरून पानापानांचं प्रिंट आणि आतून काळं कोटिंग. पिशवीत घातलं की वजन पाच किलोच्या थोडं वर, पट्टा खांद्याला लावून अर्धा तास चालता येतं, त्याच्यापुढे मात्र दुसऱ्या खांद्यावर कॅमेरा आणि हातात ट्रायपॉड असताना जीव मेटाकुटीला येतो. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण थोड्या फार फरकाने अशी हाईडं बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे.

आधी हे कळू दे की लागतंच कशाला. साधा हिशोब करा. फुल फ्रेम कॅमेरा (३६ बाय २४ मिमीचा सेन्सर), ६०० मिमीची लेन्स, पक्षी ३० मीटरवर. तिथे तुमच्या फ्रेमची रुंदी होते जवळजवळ १.८ मीटर. कापशी चोचीपासून शेपटीपर्यंत ३०-३५ सेंटिमीटरची, म्हणजे फ्रेममध्ये पाचवा-सहावा हिस्सा, बाकी सगळं क्रॉप करून टाकायचं. वर पुन्हा ऊन चढलं की मधली हवा थरथरायला लागते, मग कितीही महाग लेन्स लावा, डोळ्याभोवतीची पिसं लिबलिबीत दिसणार, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही. आता तोच पक्षी ९ मीटरवर आणा. फ्रेम झाली ५४ बाय ३६ सेंटिमीटरची, बसलेली कापशी उंचीला फ्रेम भरून टाकते, मधे हवा थोडी, आणि मागचं सगळं आपोआप विरघळून जातं. हे २१ मीटर कुठल्या लेन्सने कापायचे? कुठल्याच नाही. पक्ष्यानेच आपल्याकडे यायला हवं, आणि तो येतो ते आपण तिथे आहोत हे त्याला जाणवत नाही तेव्हाच.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं, कारण त्यांची नजर. गरुडासारख्या मोठ्या शिकारी पक्ष्याला आपल्या दुपटीहून जास्त बारीक दिसतं, आणि बहुतेक शिकारी पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण नजरेचे दोन बिंदू असतात, एक समोर बघायला आणि एक बाजूला लांबवर बघायला. त्यामुळेच घार किंवा ससाणा लांबची एखादी गोष्ट नीट निरखायची असली की मान वळवून एकाच डोळ्याने तिच्याकडे बघतो. हे मला हाईडमध्ये बसून कळलं आणि नंतर फार उपयोगी पडलं. पक्षी समोर तोंड करून नुसता बसलाय तर काळजी नाही, पण त्याने मान वळवून एका डोळ्याने तुमच्या खिडकीकडे रोखून बघितलं की समजा तपासणी चाललीय, अशा वेळी बोटसुद्धा हलवायचं नाही.

म्हणूनच हाईड विकताना ज्या पानांच्या प्रिंटचं एवढं कौतुक करतात ते मला सगळ्यात बिनमहत्त्वाचं वाटतं. पक्षी बुजतो तो हालचालीला, माणसाच्या आकाराला, चेहऱ्याला, हातांना. साध्या मातकट कापडाचं हाईड असतं तरी मला तेवढेच फोटो मिळाले असते असं आता खात्रीने वाटतं. प्रिंटपेक्षा आतलं काळं कोटिंग बघा. आत जितका अंधार तितके तुम्ही बाहेरून कमी दिसता. माझ्या हाईडमध्ये हे कोटिंग छान आहे, मात्र मागच्या बाजूला शिवणीतून उजेड येतो आणि त्या उजेडासमोर माझी सावली हलताना पुढच्या जाळीतून दिसते. ही चूक मला पाचव्या-सहाव्या बैठकीला कळली, तेही मैत्रिणीला बाहेर उभं करून बघायला लावलं तेव्हा. आतून मागे एक काळी चादर पिनांनी लावली, प्रश्न संपला. तुम्ही कुठलंही हाईड घ्या, पहिल्या दिवशी कुणाला तरी बाहेर उभं करून हे बघायला सांगाच.

आता तक्रारी, कारण त्या बऱ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चेनची. पुढच्या खिडकीची चेन जाडजूड प्लॅस्टिकची, उघडताना असा कर्रर्र आवाज येतो की पन्नास पावलांवरचा पक्षी मान वळवतो. तिसऱ्या महिन्यात तर तिचा रनरच निघून हातात आला. कंपनीला मेल केला, फोटो पाठवले, पुन्हा मेल केला, एकदाच उत्तर आलं की ऑर्डर नंबर कळवा, तो कळवला आणि त्यानंतर आजतागायत काही नाही. वॉरंटी कार्ड माझ्याकडे अजून आहे. एवढा राग आला होता ना, कारण वस्तूची कल्पना इतकी चांगली आहे आणि फक्त एका स्वस्त चेनमुळे ती निकामी व्हावी? शेवटी ती चेन पूर्ण उसवून टाकली, तिथे कापडाची दुहेरी झडप शिवली आणि खाली वजनाला नाड्यांमध्ये छोटे वॉशर घातले. वेल्क्रो लावू नका, ते चेनपेक्षा वाईट ओरडतं.

दुसरी तक्रार वाऱ्याची. हलकं कापड, कमानी लवचिक, जरा वारा सुटला की बाजू फडफडायला लागतात. फडफडणारं कापड म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने जिवंत वस्तू. सोबत आलेल्या खुंट्या काडीसारख्या, त्या पहिल्या आठवड्यातच वाकल्या. चांगल्या लांब खुंट्या वेगळ्या घ्या, चारही बाजूंनी दोऱ्या ताणा आणि तरी वारा जास्त असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

तिसरी, उंची. खुर्चीवर बसून पुढच्या खिडकीतून लेन्स साधारण सव्वा मीटर उंचीवर येते. खांबावर, वठलेल्या फांदीवर बसणाऱ्या पक्ष्याला हे बरोबर जमतं, त्याच्या डोळ्याच्या रेषेत येता येतं. पण पाण्याकाठी उतरलेला कैकर (ऑस्प्रे) किंवा जमिनीवर सावज धरून बसलेला भोवत्या (हॅरियर) असेल तर वरून खाली बघितल्यासारखा फोटो येतो आणि त्यातला दरारा निघून जातो. त्याला झोपून वापरायचं हाईड वेगळं, हे त्या कामाचं नाही.

आणि उकाडा. उन्हात दोन तासांत आत भट्टी होते, वरची झडप उघडायची सोय आहे पण ती उघडली की वरून उजेड आत येतो. मी अंधार असताना आत जाते आणि ऊन चढायच्या आत संपवते, नाहीतर मग थेट दुपारनंतर. तासन्‌तास बाहेर पडता येत नाही हेही लक्षात ठेवा, पाणी सोबत हवंच पण एकदम ढसाढसा प्यायचं नाही, बाकीची सोय काय करायची ती ज्याने त्याने, आणि खास करून बायकांनी, आधी विचार करून ठेवावी, याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

एवढं सगळं असूनही मी हे हाईड पुन्हा घेईन. कारण ती सकाळ.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. जागा मला हाईडने शोधून दिली नाही, ती शोधायला तीन आठवडे गेले. मोकळ्या गवताळ माळावर एक वठलेलं झाड, त्याच्या एका आडव्या फांदीखाली पांढऱ्या बीटांचे, म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेचे, शिंतोडे आणि करड्या केसांच्या छोट्या गोळ्या. शिकारी पक्षी न पचलेले केस, पिसं, कवचं गोळी करून ओकून टाकतात, घुबडांच्या गोळ्यांमध्ये हाडं अख्खी सापडतात आणि दिवसा शिकार करणाऱ्यांच्या गोळ्यांमध्ये ती बरीचशी विरघळून गेलेली असतात. अशा गोळ्या आणि बीट एकाच जागी खूप असतील तर पक्षी तिथे रोज येऊन बसतो, खातो. लांबून दुर्बिणीने चार दिवस बघितलं. एकच कापशी, त्याच फांदीवर, सकाळी उन्हं आली की पहिल्या तासात. घरटं नव्हतं आसपास, हे मी दोनदा तपासलं, घरटं असतं तर मी तिथे हाईड लावलंच नसतं.

मग हाईड आधी ४० मीटरवर लावलं, रिकामं. दोन दिवसांनी २५. पुन्हा दोन दिवसांनी १५ आणि शेवटी ९. प्रत्येक वेळी लांबून बघायचं की ती येऊन बसतेय का, खातेय का. पुढच्या बाहीतून एक काळी बाटली बाहेर काढून ठेवली होती, तिचं गोल बूड पुढे, म्हणजे लेन्सचा काळा गोल तिच्या सवयीचा होईल. लेन्सची समोरची काच पक्ष्याला भल्यामोठ्या डोळ्यासारखी वाटत असणार, हा माझा अंदाज आहे, पण बाटली ठेवल्यापासून लेन्सकडे रोखून बघणं खूपच कमी झालं. ज्या दिवशी बसायचं त्या दिवशी मैत्रिणीला बरोबर घेतलं, दोघी अंधारातच गेलो, मी आत बसले आणि ती मोठ्याने पाय वाजवत परत गेली. ही फार जुनी युक्ती आहे, दोन माणसं आली आणि एक गेलं तर पक्ष्याला वाटतं सगळे गेले, असं म्हणतात.

सव्वासहाला खिडकीतून फक्त राखाडी रंग. साडेसहाला फांदी दिसायला लागली. सात वाजता ती आली आणि पंजात उंदीर होता.

नऊ मीटरवरून, डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावून, मी पहिली दोन मिनिटं शटर दाबलंच नाही. आधी तिने शेपटी वर-खाली केली, बसल्यावर त्यांची सवय असते ती. मग मान वळवून एक डोळा सरळ माझ्याकडे. तो लाल रंग मी फोटोत शंभरदा बघितला होता, पण पहाटेच्या उजेडात तो माणकासारखा आतून पेटल्यासारखा दिसतो आणि त्याच्या भोवतीचा काळा पट्टा काजळ ओढल्यासारखा. मी श्वास धरून. तिने मान परत फिरवली, उंदीर पिवळ्या पंजाखाली दाबला आणि डोक्यापासून सुरुवात केली. प्रत्येक हिसक्याला डोळ्यावरून एक दुधाळ पडदा सर्रकन सरकायचा, तिसरी पापणी ती, आणि हिसका संपला की परत लाल डोळा. उंदराचे केस सुटून वाऱ्यावर उडत होते आणि एक केस तिच्या चोचीच्या पिवळ्या भागाला चिकटला तो शेवटपर्यंत तसाच. शेवटी मागचा भाग अख्खाच गिळला, शेपटी क्षणभर चोचीबाहेर लोंबली आणि मग एका झटक्यात आत. नंतर चोच फांदीवर घासली, एकदा ह्या बाजूने एकदा त्या बाजूने, अगदी सुरी पुसावी तशी. अंग फुलवून सगळी पिसं झाडली आणि एक पाय पोटाच्या पांढऱ्या पिसांमध्ये ओढून घेतला.

एक पाय वर घेतलेला शिकारी पक्षी म्हणजे निवांत पक्षी. फोटोइतकाच त्या पायाचा मला आनंद झाला.

सेटिंगबद्दल विचारतील म्हणून लिहिते. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, पण खाताना डोकं फार वेगात हलतं म्हणून मी १/१००० ला गेले, उडतानाचा हवा असेल तर १/२५०० च्या खाली नको. पहाटे आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ६४०० पर्यंत गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही, जवळून भरलेल्या फ्रेममध्ये नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, सहज साफ होतो, लांबचा क्रॉप केलेला असेल तरच तो डोळ्यात खुपतो. एक गोष्ट मात्र जवळ गेल्यावरच कळते. ९ मीटरवर ६०० मिमीला एफ ६.३ ठेवलं तरी फोकसची खोली जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. डोळा शार्प तर शेपटी धूसर. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर हे चालतं, आडवा असेल आणि उजेड वाढलेला असेल तर एफ ८ किंवा ९ करा. पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकस आता बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे, कॅननच्या आर५ मध्ये २०२० ला आलं, सोनीच्या ए१ मध्ये २०२१ ला, आणि जवळच्या कामात त्याच्याइतकी मोलाची सोय दुसरी नाही, फक्त समोर गवताची काडी आली की ते गोंधळतं.

आवाजाचं मात्र विसरू नका. ९ मीटरवर मेकॅनिकल शटरचा बर्स्ट (भराभर लागोपाठ फोटो) म्हणजे पक्ष्यासाठी टाळ्या वाजवल्यासारखं. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावा, पण सेन्सर हळू वाचणारा कॅमेरा असेल तर उडताना पंख वाकडे येतात, बसलेल्या पक्ष्याला काही फरक पडत नाही. ज्यांच्याकडे आवाजाचाच कॅमेरा आहे त्यांनी पहिल्यांदा एकेक फोटो काढायचा, मधे बराच वेळ सोडायचा, पक्षी दचकला नाही तर मग दोन-तीन. उडण्याआधीची खूणही सांगते, पुढे झुकतो, अंग आवळतो आणि पुष्कळदा बीट टाकतो. बीट टाकली की बोट शटरवर असलं पाहिजे.

हाईडमध्ये गिंबल हेडचा (जड लेन्स तोलून फिरवायचं हेड) मोठा ट्रायपॉड बसत नाही, पाय पसरायला जागाच नाही. मी ट्रायपॉडचे दोन पाय माझ्या पायांच्या बाहेरून आणि एक पुढे असा लावते, तोही खुर्चीला न टेकता, नाहीतर तुम्ही जरा सरकलात की लेन्स हलते. मोनोपॉडने मान आणि खांदे तासाभरात भरून येतात. लेन्स पांढरी असेल तर तिला कव्हर घाला आणि हूडचा जेवढा भाग बाहेर काढावाच लागतो तेवढाच काढा.

आता कुणासाठी हे चालेल आणि कुणासाठी नाही. ठरलेल्या जागी येऊन बसणारे, म्हणजे कापशी, खरुची, तिसा (व्हाइट-आइड बझर्ड), पिंगळा, अशांसाठी उत्तम. शिक्रा झाडीत जागा बदलत राहतो, त्याच्यासाठी मी चार वेळा बसले आणि चारही वेळा तो माझ्या मागच्या झाडावर ओरडत होता. भोवत्या दिवसभर जमिनीलगत तरंगत फिरतो, त्याच्यासाठी एका जागी बसून राहणं म्हणजे नशिबाचा खेळ, तिथे गाडी बरी. मोठे गरुड फार सावध, त्यांच्यासाठी नऊ मीटर विसरा आणि हाईड लावून ठेवायचे दिवसही कितीतरी जास्त धरा. मेलेल्या जनावरावर येणाऱ्या गिधाडांसाठी, गरुडांसाठी जे लोक बसतात ते अंधार असताना आत जातात आणि पुन्हा अंधार पडल्यावरच बाहेर येतात, मधे काहीही होवो. एवढी तयारी असेल तरच.

गाडीचं सांगायचं तर ती सगळ्यात सोपं हाईड आहे आणि रस्त्याकडेच्या पक्ष्यांना तिची सवयही असते. काच खाली, दारावर बीन बॅग, इंजिन बंद. गाडी थांबलेली चालते, दार उघडून माणूस उतरला की खेळ खलास. पण गाडी जिथे जाते तिथेच तुम्ही, आणि उजेड कुठून हवा, मागे काय हवं, हे तुमच्या हातात राहत नाही. खुर्चीच्या हाईडचा खरा फायदा हाच, सूर्य पाठीशी ठेवून, मागे लांबवर मोकळं गवत येईल असा कोन आधीच ठरवता येतो. आरशासारखी एकतर्फी काच लावलेली पक्की हाईडंही असतात, आत आरामात हलता येतं, पण ती काच एक स्टॉपच्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड खाते, पहाटे ते जाणवतं.

नुसतं अंगावर पांघरायचं जाळीचं कापड मी आधी वापरत होते. हलकं आहे, खिशात मावतं, पण तास-दीड तासाने माणूस हलतोच आणि हललेलं सगळं दिसतं.

हाईडमुळे एक धोकाही येतो आणि तो मला कळकळीने सांगायचाय. आपण दिसत नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं आता कुठेही लावता येईल, आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरटं, कारण पक्षी तिथे येणारच. कृपा करून लावू नका. अंडी उबवणारा पक्षी अर्धा तास जरी दूर राहिला तरी अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात, पिल्लं उघडी पडतात, कावळे टपलेलेच असतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने बऱ्याच शिकारी पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणं हा सरळ गुन्हा आहे, भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ह्या हाईडच्या जाहिरातीतच घरट्यावर लेन्स रोखलेला फोटो आहे आणि त्यासाठी मी त्यांचे गुण कापलेत. दुसरं म्हणजे उंदीर बांधून, पाळीव पिल्लू सोडून घुबडाला किंवा गरुडाला कॅमेऱ्यासमोर बोलावणं. पक्ष्याला माणसाकडून खायला मिळायची सवय लागते, मग तो रस्त्याकडेला, माणसांच्या जवळ यायला लागतो आणि गाडीखाली मरतो. असा काढलेला फोटो कितीही जवळचा असला तरी मला त्यात तो पक्षी दिसत नाही, बांधलेला उंदीरच दिसतो.

आपल्या जिवाचंही बघा. एरिक हॉस्किंग नावाचे मोठे ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार होते, १९३७ मध्ये रात्री घरट्याजवळच्या हाईडकडे चढताना घुबडाने हल्ला केला आणि त्यांचा डावा डोळा गेला. नंतरही त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले. त्यांच्याही आधी कीअर्टन बंधूंनी पोकळ, पेंढा भरलेला बैल करून त्याच्या आत कॅमेरा घेऊन बसायची सोय केली होती, साल १९०० च्या सुमारास. माझ्या मोडक्या चेनचा राग येतो तेव्हा तो बैल आठवतो, त्या मानाने माझी खुर्ची म्हणजे राजेशाही थाट.

पक्षी अस्वस्थ झालाय हे कसं ओळखायचं तेही सांगते, कारण हाईडमध्ये बसून ते चुकवायला फार सोपं असतं. अंगाची पिसं आवळून तो एकदम सडपातळ, उंच दिसायला लागतो, मान ताणलेली, खाणं थांबवून पुन्हा पुन्हा तुमच्याकडे बघतो, ओरडतो. असं झालं तर कॅमेऱ्यावरून हात काढा, मागे टेका आणि वाट बघा. तो गेला तर जाऊ द्या आणि पुढच्या वेळी हाईड पाच-दहा मीटर मागे न्या. मी एकदा हट्टाने नेलं नाही, खरुचीच्या बाबतीत, ती जागा तिने महिनाभर सोडली होती. ते मला अजून टोचतं.

तर घ्यायचं का? तुमच्याकडे ४०० मिमीची लेन्स असेल आणि मोठी घ्यायचा विचार चालला असेल तर आधी हाईड घ्या आणि एक हंगाम वापरून बघा, लेन्सच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. घेताना चेन दहा वेळा उघडून बंद करून आवाज ऐका, आत बसून मागून उजेड येतो का बघा, खुर्चीवर किमान अर्धा तास बसून पाठ काय म्हणते ते बघा, दुकानात लाजू नका. चेन आणि खुंट्या तुम्हाला बदलाव्याच लागतील असं धरून चाला. पाचपैकी साडेतीन देते, चेन चांगली असती आणि मेलला उत्तर आलं असतं तर साडेचार दिले असते.

बाहेर पडायचं राहिलं. पक्षी समोर असताना हाईडमधून बाहेर यायचं नाही, कधीच नाही, नाहीतर त्याला कळतं की ह्या तंबूत माणूस असतो आणि इतक्या दिवसांची मेहनत एका क्षणात वाया जाते. त्या सकाळी माझं कार्ड भरलं होतं, पाय बधिर झाले होते, ऊन वर आलं होतं आणि कापशी एक पाय वर घेऊन डोळे अर्धे मिटून बसली होती. मैत्रिणीला मेसेज केला, येऊ नकोस अजून. चाळीस मिनिटं ती बसली. मग बीट टाकली, पुढे झुकली आणि गवतावरून खाली खाली जात उताराच्या पलीकडे गेली, आणि मी मेसेज केला, आता ये.